साखीरच्या वाळूत दोन दिवस

शेवटची गाडी निघून गेली तेव्हा दुपार कलली होती. निघण्याआधी सगळ्यांनी तंबूसमोर उभं राहून फोटो काढले. बायकांनी मला मिठ्या मारल्या आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "सर, तुम्ही पुढे होतात म्हणून आम्ही एवढ्या लांब जायची हिंमत केली." तो नुसता हसला. गाड्या धूळ उडवत मनामाच्या रस्त्याला लागल्या आणि तळावर आम्ही दोघंच उरलो.

मी आदल्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नव्हते. म्हणजे सौदीहून परतताना पुलावरच्या चौकीवर "पासपोर्ट दे" म्हणाले होते, जेवताना "भात वाढू का" असं विचारलं होतं. लोकांसमोर जेवढं लागतं तेवढं. आता लोक नव्हते.

आम्ही दोघं पुण्याचे. एकाच कॉलेजात होतो, त्यामुळे अहो-जाहो कधी झालंच नाही. बहारीनमध्ये येऊन आता इतकी वर्षं झाली की माहूजच्या फ्लॅटमध्ये वाढलेली आमची मुलगी पुण्याला शिकायला गेली तर तिला तिथे परकं वाटतं. तो एका प्लान्टवर मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते. मुलगी गेल्यावर घर रिकामं झालं, तेव्हा जुफैरमधून मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी माणसाकडून आम्ही एक जुनं मोटरहोम विकत घेतलं. व्हॅनच म्हणायची ती, पण आत झोपायला दोन बाकं, छोटा ओटा आणि उभं राहता येईल एवढं न्हाणीघर. त्याने ती स्वतःच्या हाताने दुरुस्त केली. पुढे ओळखीची कुटुंबं विचारू लागली आणि दर हिवाळ्यात आम्ही चार-सहा गाड्यांचा ताफा घेऊन समुद्रावरच्या पुलावरून सौदीत जाऊ लागलो. मोटरहोम घेऊन तो सगळ्यांत पुढे, आमची जीप घेऊन मी सगळ्यांत मागे. मध्ये बाकीचे. वॉकीटॉकी फक्त आम्हा दोघांकडे. वाळवंटातल्या लांब पट्ट्यांत मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे सगळा भरवसा त्या वॉकीवर.

या वेळी आम्ही सौदीतल्या हाइल शहराच्या पुढे डोंगर बघायला गेलो होतो. जाताना सगळं छान पार पडलं. परतताना, हाइल सोडून बराच वेळ झाल्यावर, धुळीचं वादळ उठलं. आधी क्षितिजावर पिवळट पट्टा दिसला, मग सूर्य विझल्यासारखा झाला, मग समोरच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसेनासे झाले.

माझ्या पुढची गाडी बहारीनमध्ये सनदला राहणाऱ्या एका कुडाळकडच्या माणसाची होती. एसी दुरुस्तीच्या कंपनीत तो फोरमन आहे. सोबत बायको, आणि व्हिजिट व्हिसावर आलेली आई. म्हातारीला दमा होता. तिचं वाफ घ्यायचं मशीन मोटरहोममध्ये ठेवलं होतं, कारण तिथे प्लग होता आणि रात्री ती तिथेच झोपायची. धूळ वाढली तशी तिला धाप लागली. फोरमनने गाडी रस्त्याच्या कडेला पार आत उतरवली. मी मागोमाग उतरवली. जाऊन बघते तर म्हातारी दोन्ही हात मांडीवर रोवून पुढे वाकून बसली होती आणि तिच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. हातातला पंप ती दाबत होती, पण तो जवळजवळ संपला होता.

मी वॉकी तोंडाशी धरली आणि स्पष्ट, सावकाश सांगितलं, "आजींना धाप लागलीय. आम्ही थांबलोय. मशीन घेऊन मागे ये. ऐकलंस का?"

थोडी खरखर झाली आणि त्याचा आवाज आला. नेहमीचा, शांत. "ठीक आहे. सावकाश या."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी उत्तरच आलं नाही. तो वॉकीच्या टप्प्याबाहेर गेला होता.

मग जे सुचलं ते केलं. म्हातारीला उचलून माझ्या जीपमध्ये आणलं, बाहेरची हवा बंद केली, ओढणी ओली करून तिच्या नाकातोंडाला धरायला सुनेला दिली आणि धोक्याचे दिवे लावून रस्त्याच्या पांढऱ्या रेषेवर नजर ठेवून निघाले. फोरमन माझ्या मागे. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. म्हातारी मध्येच माझ्या खांद्याला हात लावायची आणि मी म्हणायचे, "आलंच आजी, आलंच." काय आलंय ते मला दिसत नव्हतं. तिची शीळ कमी होत गेली तेव्हा मला बरं वाटण्याऐवजी घाम फुटला, कारण आवाज थांबणं हे चांगलं लक्षण नसतं एवढं मला माहीत होतं.

पुढच्या पेट्रोल पंपावर आमचा ताफा उभा होता. पंपाच्या आडोशाला माझा नवरा सगळ्यांना चहा देत होता. माझी जीप बघून म्हणाला, "आलात? मला वाटलंच, हळू येत असणार."

मी सरळ मोटरहोममध्ये चढले. मशीन काढलं, म्हातारीला आत निजवलं, मास्क लावला. श्वास जरा सुधारल्यावर पुढच्या गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि काही काळ ठेवून घेऊन सोडलं. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी कोणीतरी मला म्हणालं, "पंपावर आम्ही सगळे घाबरलो होतो, पण सर अगदी शांत होते." ते वाक्य माझ्या डोक्यात तिथून पुलापर्यंत वाजत राहिलं.

मला वाटत होतं की त्याने ऐकलं आणि तरी तो पुढे गेला. मागे बाकीच्या गाड्या होत्या, धुळीत हायवेवर थांबणं म्हणजे ट्रकखाली जाणं, हे मलाही कळत होतं. पण पंपावर पोचल्यावर मागे यायला काय झालं होतं? चहा कसला वाटत होता तो?

दर वर्षी प्रवास संपला की आम्ही साखीरच्या वाळवंटात दोन दिवस राहतो. त्याच्या ऑफिसातल्या एका बहारीनी सहकाऱ्याच्या कुटुंबाचा तिथे हिवाळी तळ असतो. कापडी भिंतींचे तंबू, गालिचे, पाण्याची टाकी, जनरेटर. एरवी हे दोन दिवस मला सगळ्या सहलीपेक्षा आवडतात. जबाबदारी संपलेली असते. खुर्च्या टाकून आम्ही लांबवरच्या तेलविहिरींचे पंप वर-खाली होताना बघत बसतो आणि सहलीतल्या लोकांची यथेच्छ निंदा करतो.

या वेळी खुर्च्या टाकल्या, पण मी माझी जरा लांब टाकली. तो मोटरहोमच्या चाकांतली हवा बघत राहिला. मग पाण्याचा पाइप. मग पुन्हा चाकं. अंधार पडला तसा तो आत येऊन म्हणाला, "तुला बरं नाहीये का?"

"मी ठीक आहे."

"काय?"

"ठीक आहे म्हटलं."

एवढंच. मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी वारा नव्हता. मी तंबूच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते. तो वाळूच्या उंचवट्याच्या पायथ्याशी पाठमोरा बसून गाडी ओढायचा दोर गुंडाळत होता. उंचवट्याच्या पलीकडून बग्गीचा आवाज येऊ लागला. सुट्टीच्या दिवशी साखीरमध्ये त्या चारचाकी बग्ग्या सगळीकडे फिरत असतात, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण आवाज जवळ आला, मोठा झाला, आणि मला कळलं की ती उंचवटा चढून या बाजूला उतरणार आहे. मी हाक मारली. त्याने मान वर केली नाही. मी कप टाकून ओरडले, "अरे, बाजूला हो." मी काही फार लांब नव्हते. बग्गीचा हॉर्न वाजला, लांबलचक, थांबेचना. तो खाली मान घालून दोराची गाठ सोडवत होता.

बग्गी माथ्यावर आली, एका अंगाला कलली, त्याच्यापासून हातभर अंतरावरून घसरत गेली आणि तळाभोवतीच्या कुंपणाच्या कापडात शिरून थांबली. तेव्हा कुठे तो दचकून मागे पडला.

चालवणारा एक मध्यमवयीन बहारीनी होता. पुढ्यात त्याची छोटी मुलगी. त्याने आधी तिला चाचपून बघितलं, मग उतरला. 

"सदीक, हॉर्न नहीं सुनता? मैं कितना हॉर्न मारा." इथे अनोळखी माणसालाही सदीक, म्हणजे मित्र, म्हणतात.

माझा नवरा कपडे झटकत उठला. "सॉरी, सॉरी. मफी मुश्किल." म्हणजे, काही बिघडलं नाही.

"मुश्किल है," तो माणूस म्हणाला. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाला, "मदाम, इसका कान दिखाओ डॉक्टर को." मुलगी रडायला लागली होती. तिला कडेवर घेऊन त्याने आमच्या मदतीने बग्गी सोडवली आणि हळूहळू निघून गेला.

आम्ही कुंपणाचं कापड पुन्हा खांबांना बांधलं. मी एक टोक धरलं होतं, तो दुसरं.  घरात टीव्हीचा आवाज किती वाढलेला असतो, "काय म्हणालीस?" हे दिवसातून कितीदा येतं, सगळं एकदम आठवू लागलं. ते सगळं मी पुरुषांचं लक्ष नसणं समजत आले होते.

कापड बांधून झाल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "वादळात मी वॉकीवर काय म्हणाले होते, सांग."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. आत्तापर्यंत मला ते कधी जाणवलं नव्हतं. "कशाला आता?"

"शब्द न शब्द सांग."

त्याने खांबाची गाठ पुन्हा ओढून बघितली. मग म्हणाला, "खरखर ऐकू आली. तुझा आवाज आहे एवढं कळलं."

"आणि तू 'ठीक आहे, सावकाश या' म्हणालास."

"तू दर वेळी तेच सांगतेस ना. आम्ही मागे आहोत, येतोय. मला वाटलं तेच असेल."

मी खाली वाळूतच बसले. दोन दिवस मी ज्या गोष्टीवरून त्याच्याशी मनात भांडत होते ती घडलीच नव्हती. त्याने मला सोडून दिलं नव्हतं. पण त्यामुळे हलकं वाटलं नाही. एवढ्या गाड्या, त्यांतली मुलं, म्हातारी, सगळी त्याच्या कानांच्या भरवशावर निघाली होती, आणि ते कान नव्हते हे फक्त त्याला माहीत होतं.

"कधीपासून?"

"डावा आधीपासूनच कमी होता. कॉम्प्रेसरजवळ इतकी वर्षं काम केलंय. उजवा गेल्या उन्हाळ्यापासून." तोही खाली बसला. "कंपनीच्या मेडिकलमध्ये कान तपासायला एका बंद खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी अंदाजाने दाबत गेलो. पास झालो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला साइटवर जाऊ दिलं असतंस का? कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. मुलीचं व्हायचंय अजून. या वयात इथून परत गेलो तर कोण घेणार मला?"

"आणि ताफा? तो तर नोकरी नव्हता. तो सोडायला काय हरकत होती?"

त्याने मूठभर वाळू उचलून खाली सोडली. मग तो म्हणाला, "ती एकच गोष्ट आहे जी मला अजून नीट जमते असं मला वाटत होतं."

मी म्हणाले, "सगळ्यांना सांगायला हवं."

"कशाला? सगळे सुखरूप आले ना घरी."

"आजींना विचार जाऊन."

तो उठला आणि तेलविहिरींच्या बाजूला चालू लागला. मी हाक मारली नाही. मारून उपयोग नव्हता, आणि हे मनात आलं तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. तो सपाट वाळूवर लहान लहान होत गेला. मी चार वेळा उठून बघितलं, कुठून बग्गी येतेय का. शेवटी जीपची किल्ली घेतली, तेवढ्यात एक गाडी तळाकडे वळताना दिसली.

फोरमनची गाडी होती. पुलावरून ते तिघं थेट सनदला घरी गेले होते, म्हणून आदल्या दिवशी तळावर आमच्याबरोबर जेवायला नव्हते. मागच्या सीटवर आजी बसली होती, मांडीवर डबा.

"वहिनी, आई ऐकेचना," फोरमन उतरत म्हणाला. "घावणे केले आणि म्हणाली आत्ताच्या आत्ता नेऊन दे."

आजीने माझा हात धरून मला खाली वाकवलं आणि गालावरून बोटं फिरवली. "गो बाये, रडतंस कित्याक? तू होतंस म्हणान मी वाचलंय. तुझो घोव खंय हा?"

मी बोट दाखवलं. तो परत येत होता. गाडी ओळखून त्याची पावलं मंदावलेली मला दिसली. तंबूत आल्यावर त्याने आजीला नमस्कार केला. सून घावण्यांवर चटणी वाढत होती. पहिला घास हातात घेऊन तो थांबला आणि फोरमनकडे वळला.

"मला तुम्हाला एक सांगायचंय. वादळात हिने वॉकीवर मला मशीन घेऊन मागे बोलावलं होतं. मला ते ऐकू आलं नाही. मला बऱ्याच दिवसांपासून नीट ऐकू येत नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं."

फोरमनला आधी अर्थच लागला नाही. "वॉकी खराब होती?"

"वॉकी चांगली होती."

फोरमनने ताट खाली ठेवलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "साहेब, मला वाटलं होतं तुम्ही मुद्दाम नाही थांबलात. बाकीच्यांना सांभाळायचं म्हणून. रात्री बायकोला मी हेच समजावलं. तुमचं बरोबर होतं म्हणालो." त्याने आईकडे बघितलं. "हे तुम्ही निघताना सांगितलं असतं तर मी आईला आणलंच नसतं."

"खरं आहे."

"खरं आहे म्हणून काय करू मी?"

सून वाढायची थांबली. आजी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणता तो?" तिने सुनेला विचारलं. सुनेने कानाशी वाकून सांगितलं. म्हातारीने माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माका तरी खंय धड ऐकाक येता?" पण ते ऐकून कोणी हसलं नाही. फोरमन तर उठून गाडीकडेच गेला आणि तिथे पाठ करून उभा राहिला. थोड्या वेळाने हॉर्न वाजवला. सून डबा तसाच ठेवून आजीला धरून घेऊन गेली.

त्यांची गाडी गेल्यावर तो खाली मान घालून बसला. मग त्याने घास खाल्ला. मीही खाल्ला. भूक लागली होती दोघांनाही. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "बाकीच्यांना घरी बोलावू या. फोनवर नको." मी बरं म्हणाले. दुपारी आम्ही सामान आवरलं. आणखी एक रात्र राहायची ठरली होती, पण राहावंसं वाटलं नाही. जीप तळावरच ठेवली आणि माहूजपर्यंत मोटरहोम मी चालवलं. एवढी मोठी गाडी मी गावात कधी चालवली नव्हती, आणि तो शेजारी बसून प्रत्येक सिग्नलला पाय दाबत होता.

पुढच्या आठवड्यात सगळी कुटुंबं आमच्या घरी आली, फोरमन सोडून. माझ्या नवऱ्याने सगळं सांगितलं. एक जोडपं चहा न घेता निघून गेलं. दुसऱ्या एकाने कानाचं मशीन घ्यायला चांगला डॉक्टर सुचवला. एक बाई मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली की तिच्या नवऱ्याला रात्री गाडी चालवताना नीट दिसत नाही, पण तो कबूल करत नाही. ती काय करणार होती ते मी विचारलं नाही.

कंपनीला कळवल्यावर त्याला साइटवरून काढून ड्रॉइंगच्या टेबलावर बसवलं. कॉन्ट्रॅक्टचं अजून काही कळलेलं नाही. विचारलं की "इंशाल्ला" म्हणतात. दोन्ही कानांत आता मशीन आहे. पहिले काही दिवस तो फ्रिजच्या आवाजानेही वैतागायचा आणि माझ्या बांगड्या काढून ठेवायला सांगायचा. मी ठेवत नसे.

व्हिजिट व्हिसा संपत आला तेव्हा आजी निरोप घ्यायला घरी आली. सून सोबत होती. फोरमन खाली गाडीतच बसून राहिला. "वर बोलव की त्याला," मी म्हणाले, तर सून म्हणाली, "नाही येणार, वहिनी." आजी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि कुडाळला या, आंबे खायला या, असं पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

माझ्या नवऱ्याने चपला घातल्या आणि तो खाली गेला. मी चहा केला, आजीला दिला, खिडकीतून बघावंसं वाटलं पण बघितलं नाही. तो बराच वेळ आला नाही. चहा निवला, आजीचा पिऊन झाला, सून घड्याळ बघू लागली. मग दार उघडलं आणि तो एकटाच आत आला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"यापुढे तुमच्याबरोबर नाही यायचा म्हणाला." तो आजीच्या शेजारी बसला. "पण गाडीतून उतरून म्हणाला."

आजीने पिशवी उचलली. मी तिला धरून लिफ्टपर्यंत नेलं. तो तिची दुसरी बाजू धरून आला.